‘३० चालींआधी बरोबरी नाही’ हा नियम पुरत नाही

मा. संपादक,

बुद्धिबळ स्पर्धेच्या पत्रकात ‘३० चालींआधी बरोबरी नाही’ एवढी ओळ छापली की १४ चालींत बरोबरीत सुटणारे डाव थांबतील, असा बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या अनेक संयोजकांचा आणि पालकांचा समज आहे. ती ओळ फक्त खेळाडूंनी आपसांत मान्य केलेल्या बरोबरीला लागते. तीच स्थिती तिसऱ्यांदा पटावर आली, तर बरोबरी मागणे हा खेळाडूचा हक्कच आहे.

मुलांना पाठ असलेला बर्लिन बचावाचा (काळ्याच्या एका ठरावीक सुरुवातीचा) डाव घ्या. पाचव्या चालीला पांढरा प्यादे डी४ या घरात नेतो, मग सहाव्याला त्याच प्याद्याने ई५ वरचे प्यादे मारतो. काळ्याचा घोडा बी५ वरचा उंट घेतो, डी४ वर घोडे मारले जातात आणि दहाव्या चालीअखेर वजीर समोरासमोर येतात: पांढरा डी४, काळा डी६. मग पांढरा वजीर ई४ शह, काळा वजीर ई६, परत डी४, परत डी६ आणि हेच पुन्हा एकदा. वजीर मारावेत तर काळ्याकडे उंटांची जोडी, जी सहसा वरचढ ठरते, आणि पांढऱ्याकडे एक उंट, एक घोडा. म्हणून पांढराही पुढे जात नाही. अशा मुलाला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. २००० साली लंडनमधल्या विश्वविजेतेपदाच्या लढतीत क्रामनिकने याच बचावाच्या दुसऱ्या शाखेने कास्पारोव्हला रोखले होते. १५ डावांत कास्पारोव्हला एकही जिंकता आला नाही. पांढऱ्याला लढायचेच असेल, तर त्याने चौथ्या चालीला किल्लेकोट न करता डी३ खेळावे.

खरा घोळ होतो तो बरोबरीची मागणी करताना. वरच्या डावात ती स्थिती १०, १२ आणि १४ व्या चालीनंतर येते; मुले पहिली वेळ मोजायला विसरतात. चौदावी चाल काळ्याची असताना त्याने वजिराला हात न लावता ‘वजीर डी६’ स्कोअरशीटवर (चाली नोंदवायच्या कागदावर) लिहावे, घड्याळ थांबवावे आणि पंचांना सांगावे. आधी चाल खेळून घड्याळ दाबले की त्याची संधी गेली. मग मागणी फक्त पांढराच करू शकतो. मागणी चुकली तर प्रतिस्पर्ध्याला २ मिनिटे जादा मिळतात आणि डाव पुढे चालू राहतो.

एका दिवसाच्या रॅपिड (कमी वेळाच्या डावांच्या) स्पर्धांत चाली लिहिणे सक्तीचे नसते, तिथे तर वाद ठरलेलाच. संयोजकांनी निदान शेवटच्या फेरीत आघाडीच्या खेळाडूंच्या पटांवर चाली लिहिणारा एक माणूस बसवावा.

– एक बुद्धिबळ प्रशिक्षक, टिळकवाडी, बेळगाव