फॉर्मवरचा तो प्रश्न

प्रिय बाळा,

काल फोन मीच ठेवला. तुझं वाक्य अर्धं होतं, तरी ठेवला. आई म्हणाली, आता पुन्हा करू नका, पुन्हा भांडाल, त्यापेक्षा लिहा. म्हणून लिहितोय.

तू मागितलेली फाइल काढून ठेवली आहे. तीच निळी. डोळे तपासल्याचे आणि दर तीन महिन्यांच्या एचबीएवनसीचे, म्हणजे सरासरी शुगरचे, रिपोर्ट वर लावलेत, मामा परवा येतोय त्याच्याकडे देतो. तळाशी तुझ्या शुगरच्या नोंदींच्या आईच्या वह्या निघाल्या. सकाळ, दुपार, रात्र आणि पहाटे तीन असे चार रकाने. पहाटे तीनच्या रकान्यात सगळीकडे माझं अक्षर आहे. मी दिवा न लावता यायचो आणि तू डोळे न उघडता बोट पुढे करायचीस. सात वर्षांची होतीस. कुठलं बोट द्यायचं तेही झोपेत ठरलेलं असायचं, काल टोचलेलं कधी दिलं नाहीस.

हे लिहायला बसलो नव्हतो. गाडीच्या लायसन्सच्या फॉर्मबद्दल लिहायचं होतं.

अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का, गाडी चालवणं धोक्याचं ठरेल असा काही आजार आहे का, या प्रश्नापुढे सरळ ‘नाही’ लिहून टाकते, सगळे तेच करतात, असं तू म्हणालीस. बाळा, तसं करू नकोस. डायबेटिस आहे, इन्सुलिन चालू आहे असं लिही आणि डॉक्टरांचं पत्र जोड. इन्सुलिन घेणारी कितीतरी माणसं रोज गाडी चालवतात. इन्सुलिन घेते म्हणजे गाडी चालवता येणार नाही, असं नसतं. डॉक्टर तपासतात ते वेगळंच: शुगर लो झालेली तुला कळते का, आणि गेल्या वर्षभरात ती इतकी उतरली का, की दुसऱ्या कुणाला तुला सावरावं लागलं.

म्हणून पत्र तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडूनच घे. तुझ्याकडे न बघता शिक्का मारून देणारे पुष्कळ मिळतील, तो कागद आपल्याला नको. टाइप वन डायबेटिस कधीपासून आहे, इन्सुलिन कसं घेतेस, शेवटचं एचबीएवनसी किती, डोळ्याचा पडदा तपासला का, नजर कशी आहे, पायांना संवेदना नीट आहेत का, लो होण्याचा इतिहास काय, एवढं त्यात यायला हवं. सतत शुगर मोजणाऱ्या तुझ्या सेन्सरचे मागचे काही आठवड्यांचे आकडे छापून घेऊन जा. आणि शुगर वरखाली होत असताना चष्म्याचा नंबर काढू नकोस, अशा दिवसांत नजर तात्पुरती बदलते. दहावीत आपण एक चष्मा असाच फुकट घालवला, आठवतो?

लहानपणी शुगर उतरली की तू म्हणायचीस, “बाबा, माझे पाय पाण्यात गेले.” डॉक्टरांनाही तेच सांगायचीस. आत्या आली की तिलाही घरात आल्या आल्या विचारायचीस, तुझे पाय कधी पाण्यात जातात का. आम्ही त्या एका वाक्यावर कितीतरी वर्षं निभावली. मग गेल्या सुट्टीत तू माझ्यासमोर बसून हसत कॉलेजचं काहीतरी सांगत होतीस आणि सेन्सर ५६ दाखवत होता, म्हणजे शुगर बरीच उतरलेली. मी विचारलं तर म्हणालीस, “मला तर काहीच वाटत नाहीये.” बोटावर तपासलं, तेही ५८.

ते ‘काहीच वाटत नाहीये’ माझ्या डोक्यातून जात नाही. काल भांडलो तो फॉर्मवरून भांडलो असं तुला वाटलं असेल.

शुगर पुन्हा पुन्हा लो झाली की शरीर इशारा द्यायचं सोडून देतं. घाम नाही, थरथर नाही, थेट डोकं चालेनासं होतं. पण काही आठवडे लो होऊ दिली नाही, तर तो इशारा बऱ्याच जणांना परत मिळतो. डोस बदलता येतात, सेन्सरचा अलार्म वरच्या आकड्यावर लावता येतो. पण त्यासाठी डॉक्टरांना हे खरं सांगावं लागेल. पत्र मिळणं लांबेल म्हणून ‘कळतं मला’ म्हणू नकोस. लायसन्स दोन महिन्यांनी आलं तर काय बिघडलं?

पुन्हा व्याख्यान सुरू झालं माझं. माफ कर. तुला हे सगळं माझ्याआधी माहीत असतं. पहिलं इंजेक्शन स्वतःच्या हाताने घेतलंस तेव्हा नऊ वर्षांची होतीस, आणि मी दाराआड उभा राहून रडलो होतो. ते तुला आजवर सांगितलं नव्हतं.

आणखी एक सांगितलेलं नाही. चौथीच्या सहलीचा फॉर्म मी भरला होता. ‘काही आजार असल्यास लिहा’ होतं, तिथे मी ‘नाही’ लिहिलं. आदल्या वर्षी डायबेटिस कळल्यावर तुला नेलं नव्हतं आणि तू खिडकीत बसून बस जाताना पाहिली होतीस. ते मला पुन्हा बघवलं नसतं. ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी तुझ्या खिशात दिली आणि कुणाला सांगू नकोस म्हणालो. तू सांगितलं नाहीस. पाय पाण्यात गेले तरी सांगितलं नाहीस, बसच्या मागच्या सीटवर एकटी बसून गोळ्या खाल्ल्यास. घरी आल्यावर मला हळूच म्हणालीस, “बाबा, मी कुणाला सांगितलं नाही हं.” तू खूश होतीस. लपवायला मीच शिकवलं तुला, आणि काल त्यावरूनच ओरडलो.

किल्ली फिरवण्याआधी शुगर बघ. ९०च्या खाली असेल तर आधी काहीतरी खा, ७०च्या खाली असेल तर गाडी नाहीच. लांबचा रस्ता असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. सेन्सर काही मिनिटं मागे असतो, त्याच्यावरचा बाण खाली, म्हणजे शुगर उतरत, असेल तर बोटावर तपास. चालवताना काही वाटलं तर कडेला घे, इंजिन बंद कर, किल्ली काढ, शक्य असेल तर शेजारच्या सीटवर सरक. पंधरा ग्रॅम ग्लुकोज, पंधरा मिनिटं, पुन्हा तपास. आकडा वर आला म्हणून लगेच निघू नकोस, त्यानंतर पाऊण तास थांब, डोकं ताळ्यावर यायला जास्त वेळ लागतो.

शिकायला लागलीस की एकदा मला शेजारी बसव. मी बोलणार नाही. आई म्हणते, जमणार नाही तुम्हाला. बघू.

तुझ्या सेन्सरचा अलार्म माझ्या फोनवरून काढ, असं तू जाताना सांगितलं होतंस. काढलेला नाही. काल भांडणानंतरही पहाटे तीनला उठून बघितलं. ११२ होती. मग झोपलो.

तुझा,
बाबा

ता. क. ग्लुकोजच्या गोळ्या डिकीत नको, हाताशी ठेव. सीटबेल्ट न काढता हात पोचेल अशा.