असईच्या तोफगोळ्यांची नोंद गावातच व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भोकरदन तालुक्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या इंग्रज सैन्याशी लढाई झाली. त्या शिवारात नांगरटीत किंवा विहिरीच्या खोदकामात निघालेले लोखंडी गोळे एक तर भंगारात किलोवर जातात, नाही तर हौशी संग्राहकांच्या कपाटात. असा एक संग्रह नुकताच पाहिला. तारेच्या ब्रशने घासून, काळा रंग फासून गोळे ओळीने मांडले होते; त्यांतला नऊ सेंटिमीटर व्यासाचा, पावणेतीन किलोच्या आसपास भरणारा गोळा सहा पौंडी तोफेचा, हे सहज ओळखू येत होते. तो जमिनीच्या कोणत्या गट क्रमांकातून निघाला, हे मात्र मालकाला सांगता आले नाही. असा गोळा उद्या कोणी उदगीरच्या लढाईतला म्हणून विकला, तर हरकत कोण घेणार?

या लढाईची बहुतेक वर्णने इंग्रजांच्या कागदपत्रांतून आलेली आहेत. वेलस्ली केळना नदी ओलांडून मराठ्यांच्या डाव्या बगलेवर आल्यावर शिंद्यांच्या कवायती पलटणींनी आपली फळी कशी फिरवली आणि इंग्रजांच्या 74 व्या पलटणीची दाणादाण उडवणाऱ्या असई गावाजवळच्या तोफा नेमक्या कुठे होत्या, हे जमिनीकडूनच ताडून पाहता येईल. कारण छर्ऱ्यांचा, म्हणजे तोफेतून एकदम उडणाऱ्या लहान गोळ्यांचा, मारा काही शे मीटरपर्यंतच परिणामकारक असल्याने, ते जिथे दाट सापडतील तिथून तोफ फार लांब असणार नाही. अमेरिकेत लिटल बिगहॉर्नच्या रणभूमीवर 1984 पासून काडतुसांच्या जागा अशाच नकाशावर मांडल्या गेल्या.

1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. पण शेतात काही निघाले म्हटले की जमीन जाईल या धास्तीने शेतकरी गप्प बसतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा? म्हणून जिल्हा प्रशासनाने पुरातत्त्व विभागाच्या मदतीने ग्रामपंचायतीतच नोंदवही ठेवावी. तीत गट क्रमांक, खोली, वजन, व्यास, छायाचित्र आणि शोधणाऱ्याचे नाव एवढे असले तरी पुरे. गोळा घासू नये, तेल लावू नये. आकाराच्या मानाने हलका लागला तर तो पोकळ, दारू भरलेला असू शकतो, तेव्हा त्याला पुन्हा हात न लावता पोलिसांना कळवावे. नोंदवहीचे काम येत्या उन्हाळी नांगरटीपूर्वी सुरू व्हावे, ही विनंती.

– एक वाचक, भोकरदन (जि. जालना)