कॉलेजात गेलेल्या आमच्या फौजीला

चि. बाळू, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, आई मला नाही जमत तिथं, हजेरीला 'यस सर' एवढ्या जोरात गेलं की अख्खा वर्ग फिदीफिदी हसला आणि आता पोरं मेजर म्हणून हाक मारतात (रिटायर झालास हवालदार, प्रमोशन फुकटात मिळालं की रे). तेव्हा काही सुचलं नाही म्हणून आता टाईप करतेय.

हे बघ, अपशिंग्यात तुला हा प्रश्न पडलाच नाही कधी. गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी, पहिल्या महायुद्धात इथली 46 माणसं गेली, घरटी कोण ना कोण फौजेत. इथं तू पारावर नुसता बसलास तरी लोकांना सगळं कळतं. साताऱ्यात तुझ्या बाकावरचं पोरगं तू भरती झालास तेव्हा पाळण्यात होतं, त्याला काय कळणार राजौरी न् सियाचीन.

आबांचं बघितलंयस ना? पेन्शनवर आले ते थेट बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहिले, येणारेजाणारे सलाम ठोकायचे पण चहाला कोणी बोलवायचं नाही, अजून दोस्त कोण तर मिलिटरी कॅन्टीनच्या लायनीत भेटणारे. तुला पण लोक सांगतात, पंधरा वर्षं सर्व्हिस झाली की आर्मीचं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट मिळतं, क्लास थ्रीच्या नोकरीला चालतं, मग पोरासोरांत कशाला बसायचं. अरे तुला शिकायचंय म्हणून!

सूनबाई सांगत होती, अमेरिकेत 1944 ला सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारनं उचलायचा कायदा झाला, लाखोंनी कॉलेजात गेले, आता तिथं बऱ्याच कॉलेजात माजी सैनिकांना बसायला वेगळी खोली पण असते म्हणे. आपल्याकडं खोली नसली तर नसू दे. दुसऱ्या वर्गात एखादा फौजी असेल तर शोध त्याला, पण दिवसभर त्यालाच चिकटून बसू नको.

बेळगावला ट्रेनिंगला पण पहिल्यांदा एसटीडीवरून रडलाच होतास. मग शेजारच्या कॉटवरच्यानं तुझा बिस्तरा लावून दिला, तू त्याचे बूट चमकवलेस आणि रडणं थांबलं. तुझ्या वर्गातली निम्मी पोरं भरतीची तयारी करतायत म्हणतोस, सोळाशे मीटरला धापा टाकत असतील, पळव त्यांना, पण उस्ताद होऊ नको. आधी तू काहीतरी माग. इंग्रजीच्या नोट्स माग, ते पीपीटी का काय ते शिकव म्हण.

रविवारी दोघातिघांना घरी घेऊन ये. आदल्या दिवशी फोन कर म्हणजे आबा कोंबडं बघून ठेवतील, आणि त्यांच्यात शाकाहारी कोण आहे ते पण विचारून घे.

तुझी आई