कोपऱ्यावरच्या दुकानाच्या ‘बंद’ खिडक्या

महोदय,

इंग्लंडमधल्या जॉर्जियन काळातील (१७१४ ते १८३०) कोपऱ्यावरच्या दुकानांवरचा रविवारच्या पुरवणीतील लेख आवडीने वाचला. फोटोखालची ओळ मात्र खटकली. बाजूच्या भिंतीतल्या बुजलेल्या खिडक्या ‘खिडकी-करामुळे बंद केल्या’, असे तीत ठोकून दिले आहे.

कर खरा होता. १६९६ मध्ये लागला, १८५१ मध्ये उठला, आणि तो चुकवायला खिडक्या बुजवल्याही गेल्या. पण कोपऱ्यावरच्या घराचे गणित निराळे. त्याला दोन रस्ते लागतात. खोल्यांना उजेड समोरून मिळतो आणि बाजूच्या भिंतीत पुष्कळदा शेकोट्या नि त्यांची धुराडी असतात. तिथे खिडकी पाडणार कशी? आणि रस्त्याला नुसती कोरी भिंत दाखवणे त्या प्रमाणबद्धतेच्या भोक्त्यांना मुळीच पटणारे नव्हते. म्हणून गवंडी बांधतानाच खिडकीच्या मापाचा कोनाडा सोडत. कोनाड्यातली वीट भोवतालच्या भिंतीसारखीच असेल आणि सांधेमोड (थरांतले उभे सांधे एकावर एक न येऊ देणारी विटांची रचना) जुळत असेल, तर ती खिडकी बहुधा कधी उघडलेलीच नव्हती. वीट वेगळी आणि कडेला उभी सरळ सांध दिसली, तर मागाहून बुजवलेली. प्रत्येक बंद खिडकी कराच्या खात्यावर टाकणे सोपे आहे, इतकेच.

तळमजल्यावर दुकान हवे म्हणजे भिंत काढून तिथे काच आली. मग वरच्या मजल्यांच्या विटांचा भार नावाच्या पाटीमागे दडलेल्या जाड लाकडी तुळईवर येतो. कोपऱ्यावर अशा दोन तुळया भेटतात. तिथला खांब केवळ शोभेचा समजू नये. माझ्यासारखा बांधकामातला माणूस आधी तिथेच पाहील, कोरीवकाम नंतर. ती पाटी तरी भिंतीला चिकटून का? कारण १७६० च्या दशकात लंडनमध्ये रस्त्यावर लोंबणाऱ्या पाट्यांवर बंदी आली. रात्री काचेपुढे फळ्या लावत. आपल्या जुन्या पेठांतही दुकानांना फळ्याच होत्या.

लेखात ‘फुगीर डोळ्याची काच म्हणजे अस्सल जॉर्जियन’ असेही आहे. तेव्हा काचेचा गोळा फिरवून चकती करत आणि तिच्यातून लहान तावदाने कापत. चकतीच्या मधला गाठीचा तुकडा, म्हणजे हाच ‘डोळा’, उरलेला स्वस्त माल. ज्याला आपला माल दाखवायचा आहे, तो दुकानदार दर्शनी खिडकीत गाठी कशाला बसवेल?

बाहेर फुगलेल्या दर्शनी खिडक्यांना १७७४ च्या लंडन बांधकाम कायद्याने लगाम घातला: रुंद रस्त्यावर दहा इंच, अरुंद रस्त्यावर पाच. बांधकाम व्यावसायिक थॉमस क्युबिटने १८२२ च्या सुमारास लंडनमध्ये बांधलेल्या वोबर्न वॉक या गल्लीतली दुकाने या कायद्यानंतरची. त्याआधीचा नमुना पाहायचा असेल तर स्पिटलफील्ड्समधले ५६, आर्टिलरी लेन पाहावे. कोपऱ्यावरचे नाही, पण १७५० च्या दशकातले, रेशमाच्या व्यापाऱ्याचे. वाचकांपैकी कोणी लंडनला गेले, तर लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपासून ते चालत जाण्याजोगे आहे; आता तिथे कलादालन आहे.

– एक निवृत्त स्थापत्य अभियंता, पुणे