माऊस माझ्याच हातात ठेवलास, त्याबद्दल

बाळा,

तुझं नाव इथं टाकत नाही. जाताना तूच म्हणालास की काकू कुणाला सांगू नका, नाहीतर अख्खी गल्ली लॅपटॉप घेऊन दारात उभी राहील. बरं नाव नको, पण लिहिल्याशिवाय राहवत पण नाही. माझा लॅपटॉप तू माझ्याच हातानं नीट करून घेतलास त्याला आज चौथा दिवस आहे आणि अजून मी रात्री भांडी आवरली की एकदा लॅपटॉप उघडते, व्हिडिओ लावते, चालतोय का बघते आणि परत झाकून ठेवते. काम काही नसतं. नुसतं बघायला.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडं आधीचं सांगते. मी अशोक चौकाच्या आतल्या गल्लीत ब्लाउज शिवते, बावीस वर्षं झाली. आता गिऱ्हाईक सरळ मोबाईलवर फोटो दाखवतं, मला असं आरी वर्क पाहिजे. आरी म्हणजे आकड्याच्या सुईनं केलेलं भरतकाम. साध्या ब्लाउजला काय सुटतं ते शिवणाऱ्या बायकांना विचारा, आणि त्याच ब्लाउजच्या बाहीवर मणी न जरदोसी आली की दर कुठल्या कुठं जातो तेही त्यांनाच विचारा. म्हणून अडीच हजार भरून मी ऑनलाइन क्लास लावला. शिकवणारी बाई बोलते तमिळ. सोलापुरात राहून तेलुगु कन्नड कानाला सवयीचं झालेलं असतं, समजतं पण थोडंफार, पण तमिळ म्हणजे ठो कळत नाही. तेव्हा जे काय शिकायचं ते डोळ्यानं बघूनच.

आणि आरीचं सगळं गुपित अर्ध्या सेकंदाचं आहे. कापड खाटल्यावर, म्हणजे चौकटीवर, ताणून बांधलेलं, दोरा खालच्या हातात, सुई वरनं खाली जाते, सुईच्या आकड्यात दोरा अडकवायचा आणि वर काढताना सुई अर्धी फिरवायची. नाही फिरवली की आकडा कापडातच अडकतो आणि रेशमाचा धागा निघून येतो. दुसऱ्याच्या साडीतला ब्लाउजपीस असतो तो, परत आणता येत नाही.

माझ्या लॅपटॉपवर नेमकी तेवढी अर्धी गिरकीच दिसायची नाही. सुई खाली गेली, चित्र थिजलं, आणि एकदम टाका तयार. आवाज आपला पुढं चाललेला, म्हणजे बाई पाचव्या टाक्याचं सांगायलेत आणि हात अजून दुसऱ्यावर. हे यूट्यूबवरच्या फुकटच्या व्हिडिओचं. पैसे भरलेल्या क्लासचं तर विचारूच नका, तिथं काळा चौकोन आणि त्यावर इंग्रजीत दोन ओळी की हा फॉरमॅट चालत नाही. अडीच हजाराचा काळा चौकोन.

लॅपटॉप मुलाचा जुना, २०१२ चा. तो पुण्यात नोकरीला आहे. दिवाळीला आला तेव्हा म्हणाला आई विंडोज टेनचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाले आणि विंडोज इलेव्हन एवढ्या जुन्या मशीनवर येत नाही, तर मी लिनक्स टाकून देतो. त्या लिनक्सातलंच फेडोरा म्हणून काहीतरी टाकलं, भाऊबीज झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी हुतात्मा एक्सप्रेस पकडून गेला. लॅपटॉप सुसाट झाला हे खरंय, पोराला नावं ठेवणार नाही. पण व्हिडिओचं सांगायला फोन केला की "ऑफिसात आहे आई, रात्री बघतो". रात्र कुठली ते नाही सांगितलं.

मग मी दुकानं फिरले. नावं नाही घेत, ज्याला टोचायचं त्याला टोचेल. पहिल्या दुकानातल्या माणसानं लॅपटॉप काउंटरवर ठेवल्या ठेवल्या स्वतःकडं फिरवला, म्हणजे मला नुसती मागची बाजू, मुलानं लावलेले क्रिकेटचे स्टिकर. तिकडं खटखट खटखट, आणि दोन मिनिटात निकाल, लिनक्स आहे हो हे, कुणी टाकलं, काढून विंडोज टाकू या पंधराशे होतील. मी म्हटलं विंडोजचं बंद झालंय ना, तर म्हणे चालतंय की सगळ्यांचं. दुसरा त्याच्या वरताण. त्यानं उघडलाच नाही, हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि म्हणाला मावशी नवीन घ्या, हप्त्यावर देतो. नवीन घ्यायला पैसे असते तर मी आरी कशाला शिकत बसले असते?

तिसरा आमच्याच घरातला, नणंदेचा मुलगा, इंजिनिअरिंगला आहे. त्यानंही तेच, लॅपटॉप ओढून मांडीवर घेतला, मोबाईलमधनं बघून बघून कमांड टाकल्या, सगळ्यावर एकच उत्तर, कमांड नॉट फाउंड. तासाभरानं म्हणाला मामी तुझं मशीनच भंगार झालंय. आता तू सांगितल्यावर कळलं की त्या कमांड उबंटूच्या, म्हणजे दुसऱ्या जातीच्या लिनक्सच्या होत्या, फेडोरावर त्या लागूच पडत नाहीत. म्हणजे भंगार मशीन नव्हतं. मशीन खरं तेच सांगत होतं.

तर अशा सगळ्यातनं तू आलास. खरं तर तू काही माझ्या लॅपटॉपसाठी आलाच नव्हतास, तुझ्या आईचा ब्लाउज न्यायला आलेलास. मी हुक लावत होते, लॅपटॉप बाजूला तसाच चालू, तमिळ बाई अडखळत अडखळत चाललेली. तू दारातच उभा राहून म्हणालास, "काकू, ते असं का अडकायलंय?" मी म्हटलं सोड रे, जुनं झालंय. तू म्हणालास, "जुनं म्हणून नाही अडकायलं, बघू का?" मी सवयीनं उठले, खुर्ची रिकामी केली, लॅपटॉप तुझ्याकडं फिरवला. इतक्या वेळा तसं झालेलं की हात आपोआपच फिरवतात.

आणि तू तो परत माझ्याकडं फिरवलास. "तुम्ही बसा. तुम्हीच करायचं, मी नुसतं सांगतो." असं म्हणून खुर्चीच्या मागं जाऊन उभा राहिलास, दोन्ही हात पाठीमागं बांधून, देवळात प्रदक्षिणा घालताना म्हातारी माणसं बांधतात तसे.

बाळा, यासाठीच हे सगळं लिहितेय. बाकी व्हिडिओ चालू झाला ते झालंच.

मला टायपिंग एका बोटानं येतं. शिलाईला दहाही बोटं चालतात, पण त्या बटणांवर एकच. तू एकेक अक्षर सांगत होतास आणि मी शोधत होते, इंग्रजीतला जे सापडेना, मग तू थांबलास. "आहे तिथंच कुठंतरी" एवढंच म्हणालास. पासवर्ड टाकायची वेळ आली तर अक्षरंच उमटेनात, मला वाटलं हे पण बिघडलं, तू म्हणालास, "दिसत नाही पण लागतंय, टाका", आणि तोंड दाराकडं फिरवून उभा राहिलास. माझ्या पासवर्डात असं काय सोनं आहे रे! पण फिरवलंस तोंड. आणि मग मी एके ठिकाणी भलतंच बटण दाबलं, सगळी ओळ चुकली, तेव्हा तुझा हात खांद्यावरनं पुढं आला. मी बघितला. बोटं अगदी बटणाजवळ आली आणि तिथनं तू तो हात परत मागं नेलास. म्हणालास, "शेवटचं अक्षर पुसा, मग परत."

तो मागं गेलेला हात माझ्या डोळ्यासमोरनं जात नाही. तू केलं असतंस तर दहा मिनिटाचं काम. माझ्या हातानं दीड तास लागला. तुला कुठंतरी जायचं पण होतं, मोबाईल दोनदा वाजला, तू कट केलास.

त्यात तू जे समजावून सांगितलंस ते मी मापाच्या वहीत लिहून ठेवलंय, एकीकडं छाती कंबर बाही आणि एकीकडं हे. व्हिडिओ म्हणजे चादरीसारखा घडी घालून येतो. घडी वेगवेगळ्या प्रकारची असते, आणि उलगडणारा माहीतगार पाहिजे. क्लासवाल्यांची घडी एच-२६४, ती २००३ पासनंची आहे, पण तिच्यावर पेटंट आहेत, म्हणून फेडोरावाले ती उलगडायचं सामान आपल्या डब्यातनं देत नाहीत, बाजूला आरपीएम फ्यूजन म्हणून भांडार आहे तिथनं आणायचं. ते माझ्या पोरानं आणलंच नव्हतं. (रात्री बघतो म्हणे.) म्हणून काळा चौकोन. आणि यूट्यूब मला पाठवत होतं दुसऱ्या घडीत, व्हीपी-नाइन. ती उलगडायचं सामान ब्राउझरमध्येच असतं म्हणून व्हिडिओ लागायचा तरी, पण ती घडी आली २०१३ ला आणि लॅपटॉप २०१२ चा, म्हणजे त्यातल्या चिपला ती घडी माहीतच नाही, मग बिचारा प्रोसेसर सगळं हातानं उलगडत बसतो आणि त्याला पुरं पडत नाही. तू मला व्हिडिओवर उजवं क्लिक करायला लावून ती काळी पाटी दाखवलीस, स्टॅट्स फॉर नर्ड्स, त्यात गळालेल्या फ्रेमचा, म्हणजे व्हिडिओतल्या न दिसलेल्या चित्रांचा आकडा होता. दोन मिनिटात अकराशेच्या वर. तू म्हणालास, "काकू, मागावर बाण्याची तार तुटली की माग थांबतो. ह्याला थांबायचं कळत नाही, तार नसली तरी हे पुढं विणतच जातंय."

माग चालवणाऱ्याचं पोर तू, तुलाच हे सुचणार. दुकानदारांनी सांगितलं असतं तर माझ्या टाळक्यात शिरलं नसतं, पण त्यांना मुळात मला काही सांगायचंच नव्हतं. बाईमाणूस, वय झालेलं, हिला काय कळणार, पैसे सांगा आणि मोकळे व्हा.

मग ते भांडारातलं सामान आणलं, चिपचं ड्रायव्हर का काय ते पण तिथलंच, आणि ब्राउझरमध्ये एक छोटं ॲड-ऑन टाकलं, त्यानं यूट्यूबला सांगितलं की बाबा हिला जुन्याच एच-२६४ घडीत पाठव. तू म्हणालास याच्यानं चित्र १०८०पी च्या वरच्या क्वालिटीचं मिळणार नाही. मला कशाला पाहिजे वरचं, माझा पडदाच केवढा. मी बटण दाबलं. बाईची सुई खाली गेली, दोरा अडकला, आणि सुई फिरली.

मी पहिल्यांदा बघितली रे ती गिरकी. ती डावीकडनं उजवीकडं जाते, मी महिनाभर उलटी फिरवत होते. पाच ब्लाउजपीसच्या चिंध्या त्यापायी झाल्या. काळ्या पाटीवर आकडा चार. तू मागनं म्हणालास, "चार चालतंय."

सोलापुरात अशी माणसं नाहीत असं नाही. मे महिन्यात डांबर वितळायच्या उन्हात आमच्या कोपऱ्यावरचा चहावाला दारात रांजण ठेवतो, वर ओलं फडकं, आणि सारखं भरायचं कामही त्याचंच. स्टँडवर मला एकदा एक कंडक्टर भेटला, गाडी चुकली म्हणून मी रडवेली झालेले, त्यानं दुसऱ्या गाडीच्या ड्रायव्हरला थांबवून सांगितलं ह्या बाईंना मोहोळला उतरवा. अशांना आपण आभार म्हणायला जातो तोपर्यंत ते पुढच्या कामाला लागलेले असतात. पण मदत करताना समोरच्याला अडाणी वाटू द्यायचं नाही, हे मी फार कमी जणांत बघितलं. शिकलेल्यांत तर आणखीच कमी. तुला कुणी शिकवलं हे? आईनं असेल. ती पण ब्लाउज घालून बघताना कधी म्हणत नाही की तुम्ही चुकवलंत, म्हणते इथं जरा धरायलंय बघा.

परवा मुलाचा फोन आला, म्हणाला आई रविवारी मी इथनंच इंटरनेटवरनं लॅपटॉपला जोडून बघतो. मी म्हटलं काही नको, आरपीएम फ्यूजन टाकलंय मी. तिकडं एकदम शांत. मग म्हणाला, "कोणी?" मी म्हटलं मी. खोटं थोडंच बोलले?

आता कामाचं. तू दीड तास उभा राहिलास, पैसे घेतले नाहीस, चहा घेतलास तोही अर्धा, आणि गडबडीत पळालास ते ज्यासाठी आलेलास तेच इथं विसरून. ब्लाउज माझ्याकडंच आहे. तुझ्या आईला फोन केला तर म्हणते पोरगं लाजतंय यायला. लाजायचं काय त्यात! दोन्ही बाह्यांवर मी आरीची एकेक वेल काढलीय, पाच पानांची, माझं पहिलं धड काम. तिसरं पान जरा वाकडं आलंय, ते आईला दाखवू नको. भोगीच्या आधी येऊन घेऊन जा, सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला घालू दे तिला.

तुझी,
ब्लाउजवाली काकू