आधी नकाशा दाखवा, मग मत मागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटनने युरोपीय संघ सोडावा का या प्रश्नावरच्या, सार्वमताला दहा वर्षे होत आल्याच्या निमित्ताने गेल्या रविवारी आपल्या अंकात दोन वाचकपत्रे आली होती. एकाचे म्हणणे, ब्रिटिश मतदारांनी भावनेच्या भरात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला, तेव्हा असले प्रश्न सामान्य माणसाला विचारूच नयेत. दुसऱ्याचे म्हणणे, ५१.९ टक्के लोकांनी संघ सोडण्याचा कौल दिला, विषय संपला. मी ३१ वर्षे शाळेत नागरिकशास्त्र शिकवले. दुसरे पत्र मी वाचून बाजूला ठेवले. पहिल्याचा मात्र मला राग आला, आणि म्हणून लिहायला बसले.

आधी माझ्या भाच्याची हकीकत सांगते. बहिणीचा हा मुलगा २०१४ मध्ये नोकरीसाठी लेस्टरला गेला. पासपोर्ट भारताचा, तिथे राहायचा तो वर्क व्हिसावर. तरीही २३ जून २०१६ च्या सार्वमतात त्याला मत होते, कारण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना तो हक्क होता. त्याच्या वरच्या मजल्यावर एक पोलिश जोडपे ११ वर्षे राहत होते, कर भरत होते, मुलगी तिथल्याच शाळेत जात होती. त्यांना मत नव्हते. दोन वर्षांपूर्वी आलेल्या आमच्या मुलाने त्यांच्या भवितव्यावर मत द्यायचे आणि त्यांनी खिडकीतून बघायचे, हे मला तेव्हाही पटले नाही.

भाच्याने ‘बाहेर पडा’वर फुली मारली. मी फोनवर विचारले, “का रे?” तर म्हणाला, “मावशी, युरोपातले लोक यायचे थांबले की आपल्या लोकांना जागा होईल. इथले नेतेच सांगतायत.” ते खोटे नव्हते. तेव्हाच्या ब्रिटिश मंत्री प्रीती पटेल यांनी त्याच वर्षी भारतीय-बांगलादेशी उपाहारगृहे वाचवण्याची मोहीम काढली होती. युरोपच्या माणसाला दार सताड उघडे आणि आपल्या आचाऱ्याला व्हिसा मिळत नाही, असा तिचा रोख होता. भाच्याचा घरमालक होजिअरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला म्हातारा इंग्रज. त्यानेही ‘बाहेर पडा’लाच मत दिले. त्याला मात्र बाहेरून येणारी माणसेच कमी व्हायला हवी होती, मग ती पोलंडची असोत की पुण्याची. दवाखान्यात वेळ मिळत नाही, ही त्याची तक्रार. दोघे एकाच केंद्रावर गेले. एकाला माणसे यायला हवी होती, दुसऱ्याला नको होती, आणि दोघांची मते एकाच गठ्ठ्यात मोजली गेली.

पुढे काय झाले? जानेवारी २०२१ पासून नवे व्हिसा नियम आले, युरोपातून येणारे घटले आणि भारत, नायजेरिया यांसारख्या देशांतून जाणारे वाढले. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमधले निव्वळ स्थलांतर ९ लाखांच्या वर गेले. म्हणजे भाच्याला हवे ते बऱ्याच अंशी मिळाले आणि घरमालकाला त्याच्या नेमके उलट. आपले पत्रलेखक त्या म्हाताऱ्याला मूर्ख म्हणतील. मी म्हणणार नाही. त्याला अर्धाच प्रश्न विचारला गेला होता.

मतपत्रिकेवर एवढेच होते: युरोपीय संघाचे सदस्य राहावे की संघ सोडावा? सोडून कुठे जायचे, हे कुठेच लिहिलेले नव्हते. कुणी संघाबाहेर असूनही त्याच्या बाजारपेठेत असलेल्या नॉर्वेचे उदाहरण देई, कुणी स्वित्झर्लंडचे, कुणी कॅनडासारखा करार करू म्हणे. सरकार ‘राहा’च्या बाजूचे. त्याने ९३ लाख पौंड खर्चून आपल्या बाजूचे पत्रक घरोघर पाठवले, पण निकाल उलटा लागला तर काय करायचे याची तयारी जाणूनबुजून केली नाही. त्याबद्दल संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने नंतर कडक शब्दांत ठपका ठेवला. मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी, निकाल लागताच, पंतप्रधान कॅमेरून यांनी राजीनामा जाहीर केला. मग जवळजवळ तीन वर्षांनी, २७ मार्च २०१९ ला, संसदेने आठ पर्याय मतदानाला टाकले. एकालाही बहुमत मिळाले नाही! जे काम जून २०१६ च्या आधी करायचे, ते २०१९ मध्ये चालले होते. अखेर १,२०० हून अधिक पानांचा व्यापार करार २४ डिसेंबर २०२० ला ठरला आणि त्याचा कायदा ३० डिसेंबरला एका दिवसात संमत झाला. मतदारांना तो करार दाखवून “हेच हवे होते ना?” असे कुणी विचारलेच नाही.

माझे आजोळ गोव्यातल्या पेडण्याचे. तिकडे देवाला कौल लावताना गुरव आधी प्रश्न नीट वदवून घेतो. नुसते ‘होईल का?’ म्हणून भागत नाही. काय, कुणाचे, कधी, ते सांगावे लागते, मग तो पाकळ्या लावतो. गोव्यात १६ जानेवारी १९६७ ला जे मतदान झाले त्यालाही जनमत कौलच म्हणतात. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, हा प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची दोन पाने. माझा मामा फुलाचा. दुकान गड्यावर टाकून गावोगाव हिंडला. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. आई लग्न होऊन पुण्यात आलेली, तिला मत नव्हते. निकाल ऐकून ती रेडिओपाशी बसून रडली. मी सात वर्षांची होते, मला तो दिवस आठवतो.

मामा हरला, पण काय हरलो हे त्याला पक्के ठाऊक होते. फूल जिंकले असते तर गोवा कुठल्या राज्यात, कारभार कुठून, हे उघड होते. पाने जिंकली म्हणजे चालू होते तेच पुढे चालू. तेव्हाचे मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः विलीनीकरणाचे पुढारी, तरी मतदान निःपक्ष व्हावे म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. निकाल विरुद्ध गेला आणि मार्चमधल्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा निवडून आला. तो कौल निर्दोष होता असे मला म्हणायचे नाही. आश्वासनांची खैरात दोन्हीकडून झाली, आणि घटकराज्य हा तिसरा पर्याय मतपत्रिकेवर नव्हताच, ते व्हायला ३० मे १९८७ उजाडावे लागले. पण मामा त्यानंतर ४० वर्षे जगला आणि ‘पुन्हा मतदान घ्या’ असे त्याच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही. मराठी पेपर त्याने शेवटपर्यंत सोडला नाही.

आता दुसऱ्या पत्राला थोडक्यात उत्तर. मोजणीत खोट नव्हती, हे मान्य. पण स्कॉटलंडने ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडने जवळपास ५६ टक्के ‘राहा’ म्हटले होते. उत्तर आयर्लंड आणि संघातच राहिलेले आयर्लंड यांच्यामधली सुमारे ५०० किलोमीटरची सीमा, जिच्यावरच्या चौक्या १९९८ च्या शांतता करारानंतर उठल्या, तिचे काय करायचे हा घोळ पुढे कित्येक वर्षे मिटला नाही. न्यूझीलंडने निवडणूक पद्धत बदलताना लोकांना दोनदा विचारले. १९९२ मध्ये बदल हवा का आणि हवा तर कोणता, आणि १९९३ मध्ये तो ठरलेला बदल जुन्या पद्धतीसमोर ठेवून. संघ सोडण्यासारखा, पिढ्यांवर परिणाम करणारा निर्णय असाच दोन टप्प्यांत व्हायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

हे मला पुस्तकातून सुचलेले नाही. कोथरूडमधल्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीची मी सचिव आहे. इमारत १९८४ ची. रिडेव्हलपमेंटचा विषय पहिल्यांदा सर्वसाधारण सभेत आला तेव्हा १९ जणांनी हात वर केले. कुणाला लिफ्ट हवी होती, कुणाला वाढीव कार्पेट, कुणाला गळक्या गच्चीपासून सुटका. मीही हात वर केला होता. मग प्रत्यक्ष प्रस्ताव आले. भाडे किती महिन्यांचे, कॉर्पस (बिल्डरने द्यायचा निधी) किती, पार्किंग कुणाला, बांधकाम रखडले तर बँक गॅरंटी कुठली, असे एकेक प्रश्न निघाले आणि त्या १९ जणांचे तीन गट झाले. परवापर्यंत एकमेकांच्या घरी फराळाचे ताट पाठवणारी माणसे जिन्यात बोलेनाशी झाली. पण इमारत उभी होती, म्हणून आम्हाला परत फिरून विचार करता आला. पहिल्या सभेतल्या त्या हातांवर विसंबून आम्ही घरे पाडली असती तर?

पूर्वी पुनर्विकासाला ७५ टक्के संमती लागे, २०१९ पासून ५१ टक्के पुरते. मला ही सवलत पसंत नाही, पण नियम तो नियम. म्हणून मी एवढेच केले की अंतिम ठराव एका ओळीचा ठेवला नाही. साडेतीन पानांचा मसुदा, नकाशांसह, २४ ही घरांत वाटला आहे. असे प्रश्न सामान्य माणसाला विचारू नयेत म्हणणाऱ्यांनी आमच्या तळमजल्यावरच्या आजोबांना येऊन भेटावे. वय ८१, रिडेव्हलपमेंटला पहिल्यापासून विरोध. त्यांनी मसुद्याच्या समासात पेन्सिलीने ११ शंका लिहून आणल्या. त्यातल्या चारांची उत्तरे बिल्डरकडून अजून आलेली नाहीत. ती लेखी आल्याशिवाय मी सभेची नोटीस काढणार नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे