नॉर्वेतल्या बर्गनहून, मोठ्या आईच्या गोळ्यांसाठी

आई, बाबा,

मी मजेत आहे, जेवण नीट होतं, खोलीत हीटर आहे. फक्त इथले लोक तान्ह्या लेकरांना थंडीत बाहेर का झोपवतात ते अजून कळत नाही, आपण आत कॉफी पीत बसतात आणि लेकरू काचेबाहेर बाबागाडीत, लोकरीचे कपडे, जाड दुलई, वरून मॉनिटर, म्हणतात मोकळ्या हवेत झोप चांगली लागते, आणि लेकरं झोपतातही बरं!

बाबा, मी मोठ्या आईला झालेल्या त्या कुष्ठरोगाच्या लॅबमधे सेफ आहे. डॉक्टर हान्सेनने याच गावात 1873 ला हा जंतू शोधला, पण तो लॅबमधल्या बशीत आजवर कोणाला वाढवता आला नाही, आणि माझ्याकडे चामडीचे नमुने येतात ते फॉर्मॅलिन या जंतू मारणाऱ्या द्रवातले.

आई, रंग काळा पडला म्हणून मोठ्या आईने गोळ्या सोडल्या असं ताई म्हणाली. तो रंग रोगाचा नाही गं, गोळ्यांच्या पाकिटातल्या क्लोफाझिमिन या औषधाचा आहे, कोर्स संपल्यावर हळूहळू उतरतो. खरं नुकसान आत चालतं. जंतू मारायला पेशी ऑक्सिजनचे जहाल रेणू सोडतात, हा जंतू अंगावरच्या मेणचट थरात ते जिरवतो, मग मारा चालूच राहतो आणि आपलीच चामडी, आपल्याच नसा पोळतात, फवारणी जास्त झाली की अळी तशीच आणि कपाशीची पानं करपतात तसं. पेशंटच्या रक्तात ग्लुटाथायोन, म्हणजे या जहाल रेणूंपासून वाचवणारा आपला राखणदार, कमी सापडतो. मेडिकलवाल्याने दिलेल्या व्हिटॅमिनच्या कॅप्सूल घेऊ दे, पण पाकिटाऐवजी नाही. 12 महिन्यांचा कोर्स सरकारी दवाखान्यात फुकट आहे, उद्याच आशाताईला बोलवा. पाकिटातल्याच डॅप्सोन गोळीने रक्त कमी होऊ शकतं म्हणून हिमोग्लोबिनही पाहून घ्या.

आणि ताईला पाहायला पाहुणे येतील तेव्हा मोठ्या आईला मागच्या खोलीत बसवू नका. गोळ्या सुरू झाल्या की थोड्याच दिवसांत लागण थांबते, ताट-गिलास वेगळं कशाला? मी तिच्याच ताटात जेवून मोठा झालो. आनंदवन आपल्या वरोऱ्यात, तरी आपल्याच घरात हे व्हावं, मला झोप येत नाही. मी दूर बसून सांगतो याचा राग येत असेल तर येऊ दे.

पैसे टाकलेत, अर्धे सोसायटीच्या कर्जात भरा, कापसाचा चुकारा आला की बाकीचं पाहू. दिवाळीला येणं जमत नाही, तिकीट फार आहे, पण सोयरीक जमली तर लग्नाला येतोच, तारीख लवकर कळवा म्हणजे सुट्टी मागता येईल, आणि रिपोर्ट व्हॉट्सअपवर टाका.

तुमचा बाळू